मशीन ओरडलंच नाही

शिट्टीबाईंनी आयुष्यात कुणाला माफ केलंच नाही असं नाही, पण त्याचा त्यांना फारसा सराव नव्हता. त्या शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. एकदा अंतिम सामन्यात एका पंचाने त्यांच्या मुलींचा गुण नाकारला. पुढे तो पंच बाजारात भेटो नाहीतर कुणाच्या लग्नात, बाई त्याला गाठून विचारायच्या, "काय हो, रेषा दिसते का आता?" शेवटी तो बिचारा त्यांना बघून रस्ता ओलांडायला लागला.

अशा बाईंच्या दोन्ही किडन्यांनी निवृत्तीनंतर हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. हाताला दोन सुया. एकीतून रक्त बाहेर पडून मशीनमध्ये जायचं, साफ व्हायचं आणि दुसरीतून परत अंगात यायचं. आठवड्यातून तीनदा तासन्‌तास खुर्चीत पडून राहायचं. ज्या बाईने उभं आयुष्य इतरांना पळवलं, तिला हे बसणंच शिक्षेसारखं होतं. पण त्यांनी तेही नेमाने केलं.

सेंटरचा सगळा कारभार एका इन्चार्जच्या हातात होता. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गोड बोलणं आणि कानाला फोन. त्या दुपारी बाईंचा हात घामेजला होता. चिकटपट्टी नीट बसेना. त्याने पुसायचा कंटाळा केला, घाईने एकच पट्टी दाबली आणि हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढून म्हणाला, "झोपा निवांत. हात हलवू नका."

बाईंचा डोळा लागला. मग त्यांना कुशीत छान ऊब जाणवली. उन्हात बसल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने मात्र ऊब गेली आणि हातपाय गार पडले. कुणाला तरी हाक मारायची होती, पण जीभच उचलेना. शेजारच्या मशीनला बसचे निवृत्त ड्रायव्हर होते, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्या चपलेपाशी लाल ओघळ आला. त्यांनी वाकून पाहिलं आणि जन्मभर इंजिनाच्या वर आवाज काढलेला तो माणूस असा ओरडला की खिडक्या हादरल्या. परत येणाऱ्या रक्ताची सुई निघाली होती आणि मशीन ते इमानेइतबारे खुर्चीत ओतत होतं.

बाई वाचल्या. मोठ्या इस्पितळात रक्त चढवलं, काही दिवसांनी घरी सोडलं. घरी आल्यावर त्यांना एकेक गोष्ट खटकायला लागली. लेक रात्री त्यांच्या खोलीत अंथरूण टाकायला लागली. औषधांची पेटी कुलपात गेली. एकदा दोरा कापायला कात्री शोधली, तर ती जागेवर नव्हती.

"कात्री कुठे ठेवलीस गं?"

लेकीला हुंदका फुटला. "आई, एवढा कंटाळा आला होता तर मला सांगायचंस. सुई कशाला ओढलीस?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या बेशुद्ध असताना इन्चार्जने लेकीला बाजूला घेऊन समजावलं होतं, "धीर धरा ताई. अशा पेशंटच्या मनात येतं कधीकधी. त्यांनीच ओढली. नशीब, मशीन ओरडलं आणि मी धावलो."

"अगं, मी नाही ओढली."

"बरं, आई," लेक म्हणाली. आजारी माणसाची समजूत काढतात त्या आवाजात.

त्या "बरं, आई"ने जे केलं ते वाहून गेलेल्या रक्ताने केलं नव्हतं. जीव जाता जाता राहिला, ते एक वेळ बाईंनी नशिबावर टाकलं असतं. पण पोटची पोर आपल्याला वेडी समजते, आणि ते ज्याच्यामुळे, तो मोकळा फिरतो? बाईंनी डूख धरला.

सेंटरमध्ये परत गेल्या तर दारातच त्याचा फोटो लावलेला. हातात फुलांचा गुच्छ, खाली लिहिलेलं, "प्रसंगावधानाने रुग्णाचे प्राण वाचवले." चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराचा सत्कार बाई पहिल्यांदाच बघत होत्या. आणि गंमत अशी की ज्याची मानगूट धरायची त्याच्याच हातात हात द्यायचा. दुसरं सेंटर जवळपास नव्हतं. तो सुई टोचायचा, गोड हसून विचारायचा, "आता वेड्यासारखं काही करायचं नाही हं!" बाई हसून म्हणायच्या, "नाही हो. आता शहाण्यासारखं करणार आहे."

पहिलं काम त्यांनी केलं ते मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना गाठण्याचं. "सुई निघाली तर मशीन ओरडतं ना?"

"खात्री नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बागेच्या पाइपला बारीक तोटी लावली, तर पाइपातला दाब मुख्यतः त्या तोटीमुळे असतो. तोटी बादलीत बुडवली काय आणि बाहेर धरली काय, मागे फारसा फरक कळत नाही. तुमची सुई म्हणजे ती तोटी. निघाली तरी दाब थोडासाच उतरतो. मशीनला वाटतं, सगळं ठीक आहे."

"मग कळायचं कसं?"

"हात उघडा ठेवायचा आणि माणसाने बघत राहायचं. शिवाय सुईपाशी लावायला ओल ओळखणारं एक छोटं यंत्र मिळतं. रक्ताने भिजलं की बोंब मारतं."

ती यंत्रं सेंटरमध्ये आलेली होती. एका नर्सने दबक्या आवाजात सांगितलं की घामानेही वाजतात, सारखं उठावं लागतं, म्हणून साहेबांनी कपाटात बंद केलीत.

बाईंनी काकांना विचारलं, "तुम्ही ओरडलात. मशीन नाही. मी तक्रार करणार आहे, चौकशी समितीपुढे एवढंच सांगा."

काकांनी मान खाली घातली. "बाई, मला अजून जगायचंय. उद्या सुई तोच टोचणार मला."

"मग बसा तोंड शिवून," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून शेजारी बसूनही त्यांच्याशी बोलणं तोडलं. लेक म्हणाली, "अगं, त्यांनी तुझा जीव वाचवला." बाई म्हणाल्या, "जीव वाचवला, अब्रू नाही." हे अन्यायाचं होतं. बाईंना कळत होतं, तरी त्या बोलल्या नाहीत.

तक्रार गेली, चौकशी समिती बसली. इन्चार्ज छाती पुढे काढून म्हणाला, "सुई निघाली की मशीन ओरडणारच. त्या दिवशीही ओरडलं, म्हणून तर मी पोचलो."

बाईंनी आवाज अगदी मऊ केला. "माझा गैरसमज असेल साहेब. एकदा सगळ्यांसमोर करून दाखवा ना. तुम्हीच बसा खुर्चीत. मशीन ओरडलं की मी तक्रार मागे घेते आणि तुमची माफी मागते."

सगळ्या पेशंटसमोर या बाईची जिरवायची संधी! मशीन ओरडतंच याची त्यालाही खात्री होती, तो लगेच तयार झाला. ब्लँकेटसकट सगळं त्या दिवसासारखंच असू दे म्हणाला.

ठरल्या दिवशी समिती आली, मशीनचा मेकॅनिक आला. रक्ताऐवजी पाणी घ्यायचं ठरलं. "नुसतं पाणी दिसणार कसं?" म्हणत बाईंनी पर्समधून लाल शाईची बाटली काढली. मेकॅनिकने उंच टांगलेल्या पाण्याच्या पिशवीला रबरी नळी जोडली, ती शिरेच्या जागी इन्चार्जच्या हातावर बांधून तिच्यात परतीची सुई खुपसली. मशीन सुरू झालं, दाब स्थिर झाला, हिरवा दिवा लागला. वर ब्लँकेट आलं. मग पिशवीतलं पाणी गळू नये म्हणून मेकॅनिकने नळीला चिमटा लावला आणि ब्लँकेटखाली हात घालून सुई हळूच बाहेर ओढली.

सगळे मशीनकडे बघायला लागले. दाबाचा आकडा किंचित खाली सरकला. दिवा हिरवाच राहिला.

इन्चार्ज हसला. "होईल आता."

मग त्याचं हसू मावळलं. पाणी गार होतं. तो चुळबुळ करायला लागला.

"हात हलवू नका," बाई म्हणाल्या.

पांढरी विजार मांडीपासून लाल होत गेली. ब्लँकेटच्या कडेवरून थेंब पडायला लागले. "बंद करा," तो मेकॅनिकला म्हणाला.

"का? मशीन कुठे ओरडलंय अजून?" बाई त्याच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. "निवांत पडा. झोप येते का बघा. मला आली होती."

ओघळ फरशीवरून पुढे सरकला आणि काकांच्या पायांपाशी पोचला. काकांनी पाय वर घेतले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "बंद करा हो!" ते ओरडले, त्या दिवसासारखेच, खिडक्या हादरवत. "त्या दिवशीही मीच ओरडलो होतो. मशीन नाही! हा तर दाराबाहेर फोनवर होता. मी ओरडल्यावर आला."

मेकॅनिकने बटण दाबलं. इन्चार्ज लाल थेंब गाळत उभा राहिला आणि कपडे बदलायला जाताना घसरून पडला. कुणी उचलायला गेलं नाही. दारात उभी असलेली लेक आईकडे बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या नजरेत कीव नव्हती. घरी जाताना ती फक्त "आई" म्हणाली आणि रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

इन्चार्जची नोकरी गेली. फोटो उतरला. ओल ओळखणारी यंत्रं कपाटातून हातांवर आली. ती घामानेही वाजतात, लोक वैतागतात, पण ब्लँकेट आता कुणी हातावर घेत नाही. बाईंनी काकांशी बोलणं सुरू केलं. काकाही बोलतात, पण मोजकंच. त्यांनी खुर्ची मात्र बदलून घेतली, खिडकीपाशी उजेड चांगला आहे म्हणाले.

पुढे एकदा इन्चार्ज घरी आला. दाढी वाढलेली, कपड्यांना इस्त्री नाही. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"बाई, तुम्ही एक शब्द टाकलात तर मला परत घेतील. चुकलो मी. सुई निघाली त्याची माफी मागतो."

"सुई कुणाचीही निघते," बाई म्हणाल्या. "ते केव्हाच सोडून दिलं होतं मी. माझ्या लेकीला काय सांगितलंस, त्याचं बोल."

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि दार लावून घेतलं. मग आत येऊन पोटभर जेवल्या.

लेकीने सगळं ऐकलं होतं. "आई, पुरे की आता. केवढा उतरला होता चेहरा त्याचा."

"हो ना," ताट उचलत बाई म्हणाल्या. "मी नीट बघून घेतला."