बाबांना ऐकू आलेली हाक

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी मी बाई नाही. दापोड्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात स्टॉक जुळवायचं माझं काम. एखादा खोका सापडला नाही तर तो कुठल्यातरी रॅकमागे असतो, भुताने नेलेला नसतो... या सदरातले अनुभवही मी चहा पिता पिता हसत वाचायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय, म्हणजे बघा.

गोष्ट माझ्या बाबांची आहे. धामणकर नाक्याजवळ आमचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. बाबांनी ते आयुष्यभर स्वतः चालवले आणि त्या खटखटीत त्यांचे कान गेले. कानाचं मशीन लावलं तर समोरच्याचं थोडंफार कळतं. काढलं की कुकरची शिट्टीसुद्धा नाही. तरी त्यांचं फारसं अडत नाही, कारण लूमच्या आवाजात कोणी ओरडून बोलत नाही, ओठ बघूनच समजून घेतात. लहानपणी मी आणि आई खोलीच्या त्या टोकाला कुजबुजलो तरी बाबांना इकडे कळायचं. फार ताप होता तो!

लूम विकले आणि बाबांनी डोंगर चढायचं खूळ डोक्यात घेतलं. सगळा जन्म पत्र्याखाली गेला, आता जरा उघड्यावर फिरू दे, असं त्यांचं म्हणणं. मागच्या हिवाळ्यात मी, माझा नवरा नितीन आणि बाबा असे तिघे निघालो. अंबाडीच्या पुढे वाडा रस्ता सोडून आत गेलं की तीन शिखरांची एक रांग आहे. सकाळी चढायचं, तिन्ही शिखरं करून संध्याकाळी पलीकडे उतरायचं, असा बेत होता. सगळा काळा कातळ, मध्ये मध्ये वाळलेलं गवत, सावली औषधालाही नाही. वर वाऱ्यामुळे मशीनमध्ये घूं घूं व्हायला लागलं म्हणून बाबांनी ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं.

मधलं शिखर उतरून आम्ही तिसऱ्याच्या वाटेला लागलो. दुपार कलली होती. बाबा पुढे चालत होते, ते एकदम थांबले आणि वळून म्हणाले, "कोणीतरी आईला हाका मारतंय."

नितीनने आणि मी कान देऊन ऐकलं. वाऱ्याशिवाय काही नाही. कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, की अशा माणसांच्या कानात कधीकधी आपोआप आवाज होतात. मी बाबांना ओठ नीट हलवून तेच सांगितलं. खरं तर मी वैतागले होते, कारण अंधार पडायच्या आत खाली पोचायचं होतं.

बाबा म्हणाले, "ते आवाज मला माहीत आहेत. ते शिट्टीसारखे असतात. ही बाई आहे... आणि ती दमत चाललीय."

एवढं बोलून ते मागे फिरले आणि मधल्या शिखराच्या पलीकडच्या अंगाला निघाले. तिकडे धड वाटही नव्हती. म्हाताऱ्या माणसाला कातळावर एकटं सोडता येत नाही, म्हणून आम्ही मुकाट मागे गेलो. बाबा थोडं चालायचे, थांबायचे, मान तिरकी करायचे, पुन्हा चालायचे. एरवी ते चेहऱ्यांकडे बघून ऐकतात. त्या दिवशी थांबले की डोळे मिटत होते. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

बरंच खाली एका घळीत एक मुलगी पडली होती. विशीतली असेल. शेजारी लाकडाची मोळी सुटून पडलेली, पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. आम्हाला बघून ती नुसते ओठ हलवत राहिली, आवाज फुटेना. ओरडून ओरडून घसा बसला असणार, असं मला वाटलं. आम्ही तिला पाणी पाजलं, पाय ओढणीने बांधला, आणि नितीन खालच्या गावात पळाला.

तो माणसं घेऊन आला, त्यात तिची आईही होती. ते सगळे दुपारपासून तिला ओढ्याच्या बाजूला शोधत होते, कारण ती लाकडाला नेहमी तिकडेच जायची. चादरीची झोळी करून उजेड होता तोवर तिला खाली आणलं. त्या थंडीत तिथे रात्र काढून ती वाचली नसती, हे सगळ्यांना कळत होतं.

गावात पोचल्यावर नितीन म्हणाला, बाबांनी तिची हाक ऐकली म्हणून सापडली. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"सुगंधा मुकी हाय," एकजण म्हणाला. "जन्मापासून आवाजच न्हाय तिला."

तिला ऐकू सगळं येतं म्हणे. पण रडली तरी फक्त तोंड उघडतं.

बाबांनी ओठ वाचले असतील, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली. पण ते थांबले तेव्हा त्यांची तिच्याकडे पाठ होती. आणि मध्ये अख्खा डोंगर होता.

प्लास्टर निघाल्यावर सुगंधाला घेऊन तिची आई आमच्या घरी आली. येताना वालाच्या शेंगा घेऊन आली. बाबांचं मशीन त्या दिवशी घळीत उतरताना कुठेतरी पडलं होतं, नवीन अजून यायचं होतं. ती माऊली आधी माझ्याशीच बोलत बसली. मग बाबांच्या समोर जाऊन बसली आणि त्यांनी तिच्याकडे बघेपर्यंत थांबली.

"दादा, माझी पोर हाक कशी मारते वो? आवाज कसा हाय तिचा?"

सुगंधा त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"जाड आहे," बाबा म्हणाले. "घोगरा. 'आये' म्हणताना शेवटाला जरा चिरकतो."

त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि ती हुंदका देत म्हणाली, "माझ्यावानीच हाय."

खरंच तसाच होता. दारात आल्यापासून मी तिचा तो जाड, घोगरा, शेवटाला चिरकणारा आवाज ऐकत होते. बाबांनी तो कधीच ऐकला नव्हता.

याचा मी खूप विचार केला. कान, वारा, योगायोग... कशानेच हे जुळत नाही.

पदराआड ओठ दिसले नाहीत म्हणून बाबांना तिचं बोलणं कळलं नव्हतं. ती काय म्हणाली, ते त्यांनी मला विचारलं. मला रडू येत होतं, पण मी ओठ नीट हलवून त्यांना सांगितलं.