व्याह्यांनी झोपवलेला पहारेकरी

झुराकान माझी शेजारीण. आमच्या काराकोल शहरात कबरीच्या दगडांवर जे चेहरे कोरतात, त्यांचे जुने फोटो ती संगणकावर दुरुस्त करून देते. त्या शरदात तिच्याकडे बुरमाकान आजींच्या नवऱ्याचा फोटो होता. मूळ प्रत घराच्या आगीत जळाली होती. उरला होता तो फक्त झुराकानच्या संगणकात. मृत्यूला वर्ष झाल्यावर घालतात त्या जेवणाआधी दगड उभा राहायला हवा होता.

नेमकी तेव्हाच पडद्यावर संगणकप्रणालीचा परवाना नसल्याची सूचना आली. तिने लेकीच्या सासऱ्यांना, मैरामबेकना, बोलावलं.

"विहीणबाई, घाबरता काय?" पेनड्राइव्ह लावत ते म्हणाले. "संगणक अधूनमधून विचारतो, परवाना आहे का? मोठ्या कचेऱ्यांत 'हो' म्हणायला वेगळं यंत्र असतं. माझं अवजार आतच बसून त्याचं सोंग घेतं."

"म्हणजे तुमच्यासारखंच. प्रश्नही तुमचा, उत्तरही तुमचंच."

ते हसले. "फक्त अँटीव्हायरस बंद करतो. तो याला चोर समजतो."

"आणि खरा चोर आला तर?"

"व्याह्यावर विश्वास नाही?"

जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं, असं आमच्याकडे म्हणतात. तिने जेवणाचं दस्तरखान पसरलं. नान मोडून, चहा पिऊन व्याही गेले.

"अँटीव्हायरसचा पहारा परत चालू केला का, ते विचारायचं राहिलं," ती मला म्हणाली.

"मग फोन कर."

"आणि लेकीला तिकडे सासरी टोमणे खायला लावू?"

काही दिवसांनी एका गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला आणि एकेका फोटोचं नाव बदलू लागलं. एकही उघडेना. झुराकानने संगणकाची वायरच उपटली. तेवढ्यात दारात बुरमाकान आजी.

"झाला का गं त्यांचा चेहरा?"

"होतोय, आजी."

त्या गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मीच मैरामबेकना फोन केला. त्यांनी संगणकातली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. लग्नांचे फोटो सगळे गेले होते. आजींच्या नवऱ्याच्या फोटोपर्यंत मात्र व्हायरस पोचला नव्हता.

"मीच विसरलो, विहीणबाई," ते खाली मान घालून म्हणाले.

त्यांनी संगणकातलं सगळं पुसून तो नव्याने तयार केल्यावर तिने दस्तरखान पसरलं. पण त्यांनी नानला हात लावला नाही. "आधी बघा, पहारा चालू आहे ना."

तिने चष्मा लावून त्यांच्यासमोरच पाहिलं. मग चहा ओतला.

ते अवजार तिने पुन्हा घालू दिलं नाही. परवान्याची सूचना आता पडद्याच्या कोपऱ्यात तशीच असते. कुणी पेनड्राइव्ह पुढे केला, की तिचा डावा हात आजही आधी वायरीवर जातो.