ग्रुपवर कूळ टाकलं आणि काका सापडला

आता हे सांगावं की नाही, असा विचार मी दर वेळी करते आणि मग सांगतेच. तुम्ही चहा घ्या, थंड होईल.

दारव्ह्याचा बाजार करून मी गावाकडे परत येत होते. काळीपिवळी जीप, मी मागच्या सीटवर, मांडीवर वांग्यांची पिशवी. पुढच्या सीटवर दोन बाया बोलत होत्या. एक म्हणाली, "शोभाबाईच्या पोरीचं जुळलं ना केळापूरले? तं त्या पोराचं अन् शोभाबाईचं कूळ एकच हाये म्हणते. म्हणजे नवरा-नवरी..."

तेवढ्यात फाटा आला आणि दोघी उतरून गेल्या.

शोभाबाई म्हणजे मी.

आता काय सांगू तुम्हाला! गावातली अर्धीमुर्धी बातमी पूर्ण करून घरोघरी पोचवायचं काम मी आजवर इमानेइतबारे केलं. आणि माझ्याच घरची बातमी मला अर्धी मिळावी? खरं तर उरलेलं अर्धं कोणी सांगायची गरज नव्हती. एका कुळाची पोरं म्हणजे बहीणभाऊ. आमच्यात सोयरीक मोडायला एवढं पुरतं.

ते वर्ष बोंडअळीचं. वरून कापसाचं बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी ऐटीत बसलेली. गावात कितीतरी लग्नं पुढच्या सालावर गेली होती. आमच्या प्राचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मात्र ठरलं होतं. पोरगा निलेश, केळापूरचा, पांढरकवड्याला मोटारपंप दुरुस्त करतो. तो प्राचीला आवडलाय, हे तिनं मला सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या चार घरांतलं मला कळतं, पोटच्या पोरीचं कळणार नाही? तुरीच्या शेंगा सोलताना ती फोनकडे बघून हसायची. दाणे टरफलांच्या ढिगात आणि टरफलं भांड्यात!

मी शेजारच्या मंदेला गाठलं. ती म्हणाली, आता फोनवर कुळांचे ग्रुप निघालेत, कोण कुठून आलं ते सगळं तिथं सांगतात. तिनंच मला एका ग्रुपात घातलं.

ग्रुपचे कर्तेधर्ते उमरखेडचे गुलाबराव मास्तर, रिटायर झालेले. घराण्याचा शोध कसा घ्यायचा ते रोज सकाळी शिकवायचे. आडनावावर जाऊ नका, गाव बदललं की आडनाव बदलतं. मूळ गाव विचारा, देवक विचारा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलतं करा. आणि कोण कोणाचं सुतक पाळतं ते बघा, भाऊबंदकी तिथंच कळते. शाळा सोडल्यानंतर इतका मन लावून अभ्यास मी पहिल्यांदाच केला. माहेरच्या म्हाताऱ्या आत्याला फोन लावला, तिनं थेट खापरपणज्यापर्यंत नावं म्हणून दाखवली. मूळ गाव, देवक, कुलदैवत, सगळं मी ग्रुपवर टाकलं. खाली दोन गुलाबाची फुलं. आणि विचारलं, केळापूरच्या या घराशी आमचं जुळतं का?

दुपारी ग्रुपवर मास्तरांचा बोललेला मेसेज आला. "शोभाताई, कूळ एक, देवक एक, मूळ गाव एक. ही सोयरीक होत नाई."

त्याखाली जोडलेले हात सुरू झाले. ज्यांचं तोंड मी जन्मात पाहिलं नाही, अशा माणसांनी हात जोडले. त्यात निलेशचा एक चुलता निघाला. संध्याकाळच्या आत निलेशच्या आईचा फोन. "विहीणबाई, पोरं बहीणभाऊ निघाले म्हणते. आता काय करावं व?"

प्राची शेंगा सोलायला बसली. आता दाणे बरोबर भांड्यात पडत होते. ते पाहिलं आणि माझं काळीज हललं.

मग मात्र मी फोन तोंडापुढे धरला आणि बटण दाबलं. "मास्तर, कूळ तुमच्यापाशी ठेवा. पोरगी माही हाये. साक्षगंध ठरल्या दिवशीच होणार. ज्याले याचं त्यानं या, ज्याले हात जोडाचे त्यानं घरूनच जोडा." विहिणीलाही तेच ऐकवलं. काय करतील? ग्रुपातून काढतील? काढा म्हणावं!

एवढ्यात आमचे हे वावरातून आले. पाय धूत धूत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हे कमी बोलतात. माझ्या घरात दुसऱ्या कोणाला बोलायला वाव नसतो, असं लोक म्हणतात.

"तू कूळ कोणाचं टाकलं व?"

"कोणाचं म्हणजे? आपलं."

"ते मूळ गाव तं तुह्या बापाचं हाये. तुहा काका गेला तवा म्या सुतक पाळलं काय? म्या तं वावरात डवरे हाकत होतो."

मी खालीच बसले.

हो हो, हसा. पण मला सांगा, लग्न होऊन आलेली कोणती बाई माहेर सोडून दुसरं काही 'आमचं' म्हणते? स्वयंपाक सासरचा करायचा, कौतुक माहेरचं सांगायचं. आमचं कूळ असं, आमचं देवक तसं, हे मी पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत इतकं सांगितलं होतं, की जीपमधली बातमी माझ्याच तोंडून निघून माझ्याच कानात आली. पोरगी तर बापाच्या कुळाची. आणि आईच्या माहेराकडून जावई आला, तर आमच्याकडे लोक उलट खूश होतात.

मी ग्रुपवर लिहिलं, "वरचं कूळ माझ्या माहेरचं. पोरगी बापाच्या कुळाची. साक्षगंधाला सर्वांनी यावे." माफी मागितली नाही. बाईनं माहेरचं कूळ विसरावं, असा ग्रुपचा नियम आहे का?

साक्षगंधाला गुलाबराव मास्तर एसटी बदलत बदलत खरंच आले. म्हणाले, तुमी तं आमच्या भाऊबंदातल्या निघाल्या, येनं भागच होतं. निलेश माझ्या पाया पडायला पुढे आला, तशी खुर्चीवरून त्यांनी हाक मारली.

"थांब बाप्पा. तुही शाखा धाकट्याची, शोभाताईची थोरल्याची. थोरल्याकडं लग्नं लवकर झाली, पिढ्या भराभर पुढं गेल्या." बोटांवर मोजून त्यांनी मान हलवली. "शोभाताई, हा पोरगा तुमच्या बापाच्या पिढीचा हाये. तुमचा काका लागते."

मांडव हसून लोटपोट. निलेशकडची एक म्हातारी कुरकुरली, नातं उलटं पडते, हा तं नवरीचा आजोबा झाला.

"आजोबा असन तं असन," मी म्हटलं. "दात सारे शाबूत हायेत, म्या पाह्यले."

आणि काका तर काका, म्हणून मी निलेशच्या पाया पडायला वाकले. त्याच क्षणी तो माझ्या पाया पडायला वाकला. टाळक्यावर टाळकं असं आदळलं, की साक्षगंधाच्या सगळ्या फोटोंत माझ्या कपाळावर कुंकवाशेजारी टेंगूळ आहे.

पुढच्या बाजारी मी पुन्हा जीपमध्ये मागे, त्याच दोघी पुढे. एक म्हणाली, "ऐकलं काय व? शोभाबाईनं आपली पोरगी सख्ख्या काकाले..."

फाटा यायला वेळ होता, पण या वेळी मी वाट पाहिली नाही. मागूनच म्हटलं, "सख्खा नाई व बाई, तेवढं खोटं हाये. बाकी दिली."