एका डोक्याचा पडदा

ब्रेकताईला हे नाव तिच्या उजव्या पायाने मिळवून दिलं. ती गाडी शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर तिचा पाय वर्षानुवर्षं ठाण मांडून होता. शिकणाऱ्याला संकट दिसायच्या आधी ते हिच्या तळव्याला कळायचं. गाडी गचकन थांबायची आणि शिकणारा घाम पुसत विचारायचा,

"मॅडम, मी काय केलं?"

"काहीच नाही केलंस. म्हणून तर मला करावं लागलं."

आता गंमत बघा. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या या बाईच्या हाती स्टिअरिंग म्हणून यायचं नाही. सकाळचा पहिला शिकाऊ तिला घरून उचलायचा, संध्याकाळचा शेवटचा तिला दारात सोडायचा, तोही फाटकाच्या खांबाला गाडी चाटवत. मधे एकदा तिने स्कूलच्या मालकांकडे विषय काढला होता. ते म्हणाले, "तुम्हीच चालवलीत तर त्याने फी कशाची भरली?" स्वतःची गाडी घरात नव्हती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर वर-खाली केलेला माणूस, आडवं जायची वेळ आली की मुकाट बस पकडायचा.

ब्रेकताईची हौस भागायची ती हॉलच्या कोपऱ्यात. धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला तेव्हा आपला कॉम्प्युटर, गेमचं स्टिअरिंग आणि खालची पेडल असं सगळं बोचकं तिच्याकडे ठेवून गेला. "ताई, धूळ बसू देऊ नकोस," एवढंच म्हणाला होता. ताईने धुळीला बसायला उसंतच दिली नाही. कामावरून आली की चहाचा कप बाजूला ठेवून ती थेट घाटात शिरायची. कधी घाट, कधी समुद्राकाठचा रस्ता, कधी झाडीतला. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. मांडीवर पर्स घेऊन.

"आई, पर्स कशाला?"

"बाहेर निघालोय ना आपण?"

अडचण होती पडद्याची. नवऱ्याच्या ऑफिसने भंगारात काढलेला तो चौकोनी मॉनिटर. त्यात समोरचं बॉनेट दिसायचं आणि त्यापुढे रुमालाएवढा रस्ता. वळण आलं की डोंगर अचानक अंगावर यायचा. बाजूचे आरसे तर पडद्याच्या बाहेरच कुठेतरी राहून जायचे. दिवसभर "आरसा बघ, अरे आरसा बघ" म्हणून घसा कोरडा करणाऱ्या बाईला घरी आरशाविना गाडी हाकावी लागावी, हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं.

एक दिवस तिने जाहीर केलं, "मी मॉनिटर घेणार आहे. मोठा. रुंद. वळलेला."

नवऱ्याचे डोळे चमकले. त्याला वस्तू घ्यायला आवडायचं नाही, वस्तूंचा अभ्यास करायला आवडायचं. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्याने इतका अभ्यास केला की तोवर त्याने पसंत केलेली तिन्ही मॉडेलं बनायची बंद झाली. आता तो व्हिडिओ बघायला लागला. जेवताना हर्ट्झ, झोपताना हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्याचा हिशेब. "अगं, ओएलईडी पडद्यात काळा रंग म्हणजे खरा काळा असतो," असं तो भांडी पुसता पुसता सांगायचा. सासूबाई म्हणायच्या, "आपल्या तव्याचा खोटा आहे का?"

मग एका सुटीच्या सकाळी त्याने सुतळी आणि खडू घेतला आणि हॉलच्या मध्यावर उकिडवा बसला.

"हे बघा. हजार आर म्हणजे एक मीटरच्या त्रिज्येचं वर्तुळ, त्याचा एवढा तुकडा. अठराशे आर म्हणजे वर्तुळ मोठं, बाक कमी. आकडा लहान, बाक जास्त." त्याने सुतळीचं एक टोक धरून फरशीवर खडूची कमान ओढली. "ही झाली आपली स्क्रीन. आणि सुतळीचं हे टोक आहे ना, इथे डोकं. इथून सगळी स्क्रीन सारख्याच अंतरावर. रस्ता जणू अंगाभोवती गुंडाळलाय."

"कुणाचं डोकं?" सासूबाईंनी विचारलं.

"जो बसेल त्याचं."

"आणि बाकीची डोकी?"

नवऱ्याने सुतळीचं टोक बाजूला सरकवून बघितलं. एवढ्या व्हिडिओंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण ते व्हिडिओ करणारे सगळे एकेकटे राहत असावेत.

"बाजूला बसलं की तिरकं दिसणार," तो शेवटी कबूल झाला. "हजारात जास्तच."

इथे घोडं अडलं. पैसे ब्रेकताईने स्वतःच्या कमाईतून बाजूला ठेवलेले होते, त्यामुळे भांडण पैशांवरून नव्हतं. होतं ते डोक्यांवरून.

"मग अठराशेचा घेऊ," नवरा म्हणाला. "नाहीतर सरळ सपाटच. मी मॅच बघेन, आई मालिका बघेल, तू गाडी चालव. सगळ्यांना सारखं."

"मला हजारचा हवाय."

"पण का? अठराशेतही आरसे दिसतात."

ब्रेकताईकडे उत्तर होतं, पण ते बोलून दाखवायचं कसं? नाटकाला गेलं की कडेची खुर्ची, बसमध्ये कडेची जागा, घरातल्या एकूण एक फोटोत ती कडेला, त्यातल्या निम्म्यांत खांदा कापलेला. आणि दिवसभर तर काय, शेजारची सीट. जगात एक वस्तू अशी निघाली होती की जिच्यासमोर मधोमध बसल्याशिवाय चालतच नाही, आणि तीच तिला हवी होती. पण असं काही बोललं की माणसं डॉक्टरकडे चल म्हणतात.

"दुकानात जाऊन बघू," ती म्हणाली.

"मीही येणार," सासूबाईंनी पर्स उचलली.

दुकान थंडगार, काचेचं. आत भिंतीच्या कडेने टेबलं, टेबलांवर एकापेक्षा एक रुंद पडदे, आणि सगळ्यांवर एकच गाडी एकाच डोंगरावर चढत होती. टाय लावलेला विक्रेता हात चोळत पुढे आला. त्याने तिघांना बघितलं आणि क्षणात ठरवून टाकलं.

"या सर, बसा. चालवूनच बघा." त्याने नवऱ्याला मधल्या खुर्चीत बसवलं, समोर स्टिअरिंग. मग बाजूला एक स्टूल सरकवलं. "मॅडम, तुम्ही इथे आरामात बसा."

ब्रेकताई बसली. सवयीने बसली, हेच वाईट. सासूबाई तोवर एका गेमिंगच्या खुर्चीत शिरल्या होत्या आणि तिचा दांडा ओढून आडव्या झाल्या होत्या.

नवऱ्याने पेडल दाबलं. लिफ्टवाल्याची गाडी ती. त्याला वाटलं, बटण दाबलं की आपोआप बरोबर ठिकाणी जाऊन थांबेल. गाडी सुसाट सुटली. समोर वळण. नवरा सरळ.

"वळव," ब्रेकताई म्हणाली.

"वळवतोय."

"आरसा बघ. वेग कमी कर. अहो, कमी करा म्हणते ना..."

आणि तिचा उजवा पाय गेला. त्याने कुणाला विचारलं नाही, तो जायचाच होता. टेबलाखाली ब्रेक नव्हता, विजेचा एक्स्टेंशन बोर्ड होता. तिच्या चवड्याने त्याचं लाल बटण नेमकं दाबलं आणि भिंतीच्या कडेचे सगळे पडदे एकदम काळे झाले.

"हा बघ खरा काळा," आडव्या झालेल्या सासूबाई म्हणाल्या.

"लाइट गेली वाटतं. सॉरी सर, एक मिनिट." विक्रेता धावला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अखेर टेबलाखाली शिरून बटण चालू केलं. पडदे उजळले, डोंगर परत आला. नवऱ्याने पुन्हा पेडल दाबलं. या वेळी समोर कठडा, कठड्यापलीकडे दरी.

पडदे पुन्हा काळे.

विक्रेता टेबलाखाली वाकला तेव्हा पाय अजून बोर्डावरच होता. बोटं रोवलेली, टाच वर, पोटरी ताठ. तो वाकलेलाच राहिला. मग हळूहळू वर आला आणि त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही... ब्रेकताई?"

"मी काय?"

"म्हणजे मॅडम. मी तुमच्याकडे शिकलोय. पहिल्या परीक्षेत नापास झालो होतो, उतारावर."

"मग आल्या आल्या ओळख नाही दिलीस?"

"चेहरा कुठे बघितलाय तुमचा? मान वळवली की तुम्ही ओरडायचात, माझ्याकडे नको, रस्त्याकडे बघ. पाय तेवढा पाठ आहे." मग त्याने जरा घुटमळत विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कशी चालवता? आम्ही सगळे पैजा लावायचो. कुणीच बघितलेलं नाही."

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दांडा ओढून खुर्ची सरळ केली.

ब्रेकताई स्टुलावरून उठली. सासूबाईंसमोर ती नवऱ्याला कायम "अहो" म्हणायची, आणि दोघंच असली की "अरे". आज तिने दोन्हींचा हिशेब ठेवला नाही.

"ऊठ रे जरा."

नवरा उठला. ती मध्ये बसली. खुर्ची पुढे ओढली, पाठ टेकवली, हात ठेवले. पडद्याची दोन्ही टोकं वळून तिच्याकडे आली होती. डावा आरसा डावीकडे, उजवा उजवीकडे, जिथे असायला हवेत तिथे. तिने डोळे फिरवले तर नवरा दिसेना, विक्रेता दिसेना, दुकान दिसेना. शेजारी कुणीच नव्हतं. चुकण्याच्या तयारीत बसलेलं कुणी नव्हतं.

तिने उजवा पाय ठेवला, तो चारचौघांत पहिल्यांदाच वेगाच्या पेडलवर.

डोंगराची वळणं तिने अशी घेतली की विक्रेता टायची गाठ सैल करून बघत राहिला. ती जोरात नव्हती. ती फक्त कुठेही थांबत नव्हती.

"चालवतेस मस्त," बाजूच्या स्टुलावरून नवरा मान वाकडी करत म्हणाला. "पण इथून गाडी केळ्यासारखी दिसतेय. आईचा विचार कर. तिला रोज अशी मान मोडून बसायला लावणार का?"

विक्रेत्यानेही री ओढली. "फॅमिलीसाठी अठराशे बरा पडतो, मॅडम."

तिने गाडी कडेला घेतली, थांबवली. तोंडात "बरं" आलंच होतं. शेजारच्या सीटची अडचण तिच्याइतकी कुणाला ठाऊक? ते "बरं" तिने गिळलं.

"हजारचाच घ्यायचा," ती म्हणाली. पडद्यावरची नजर तिने काढली नाही, म्हणून बोलता आलं. "हा पडदा एका डोक्याचा आहे आणि ते डोकं माझं आहे. ज्याला शेजारी बसायचं असेल त्याने तिरकं बघावं. आई, तुमचं काय ते सांगा. राग आला तरी चालेल."

"सांगायचं काय?" आवाज थेट तिच्या मानेमागून आला. सासूबाई चाकांची खुर्ची ढकलत केव्हाच तिच्या मागे येऊन बसल्या होत्या, मांडीवर पर्स. "मी मागच्या सीटवर बसलेय. तुझ्या डोक्यावरून सगळं नीट दिसतंय. गाडी का थांबवलीस?"

"आणि मी?" नवरा म्हणाला.

"तू उभा राहा," सासूबाई म्हणाल्या. "लिफ्टमध्ये उभाच असतोस ना?"

घरी पडदा आला तेव्हा टेबल भिंतीपासून हलवावं लागलं आणि सोफा तिरका झाला. हॉलमधून स्वयंपाकघरात जायला आता अंग चोरावं लागत होतं. पुढे ब्रेकताई, तिच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे नवरा, अशी एकामागे एक रांग लागली.

"आई, डोकं जरा खाली घे. मला काही दिसत नाही."

"मी इतकी वर्षं मान खाली घालून काढली. आता माझी फिरायची वेळ आहे."

"निदान अंबाडा तरी..."

"मागच्यांनी शांत बसा," ब्रेकताई म्हणाली आणि समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. पुढे एक लाल गाडी चालली होती. शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीला सगळं जग ओलांडून जातं, ट्रक जातात, दुचाक्या जातात, एकदा तर बाबागाडी ढकलणारी बाई पुढे गेली होती. ब्रेकताईने डावा आरसा बघितला, उजवा बघितला, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. लाल गाडी शेजारी आली, शेजारी राहिली, मग आरशात गेली आणि लहान होत होत दिसेनाशी झाली.

"कोण होता गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण जाणे, आई. राहिला मागे."