पोचल्याचा फोन येईपर्यंत

मुलगी दुबईला नर्स आहे. दोन वर्षांनी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आली होती. परवा संध्याकाळी आम्ही दोघांनी तिला वारंगा फाट्यावरून हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. अंतराचा विषय निघाला की माझ्या अंगात येतं. घरी परतताना बायकोला समजावलं, हैदराबाद ते दुबई अडीच हजार किलोमीटर, पण विमानाला पावणेचार तास पुष्कळ झाले. आपल्या इथून हैदराबादला पोचायलाच त्याच्या दुप्पट वेळ जातो. म्हणजे लांब आहे ते हैदराबाद, दुबई नव्हे. या हिशेबावर मी स्वतःच खूश होतो.

“इतकं जवळ हाय,” बायको म्हणाली, “तर पोरगी दोन दोन वर्षं काहून येत न्हाई?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नव्हता. सुट्टीभर तिला मुलीच्या तोंडून एकच ऐकायचं होतं, कायमची परत कधी येणार. मुलगी दर वेळी ‘बघू’ म्हणायची आणि दुसरंच काही काढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर मधल्या खोलीत शेंगांची टरफलं तशीच पडलेली. निघण्याआधी मुलगी तिथेच बसून भाजलेल्या शेंगा खात होती. घरचं माणूस गावाला गेलं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही बायकोच्या माहेरची रीत. आमचं घर बुद्धवंदना म्हणणारं. असली खुळं मी कधीच उंबऱ्याबाहेर काढली होती, निदान माझी तशी समजूत होती. मी चिडलो. केराने विमान अडतं का, असं विचारलं. झाडू तुमच्या मागेच आहे, घ्या की, असं तिने शांतपणे सांगितलं. मी काही घेतला नाही. टरफलं ओलांडून खुर्चीत बसलो आणि विमान समुद्रावर कुठवर आलं ते मोबाइलवर बघत राहिलो.

दुपारी मुलीचा फोन आला. हिने स्पीकर लावला.

“आई, घरी पोचले गं. भात टाकलाय, जेवते आणि झोपते.”

आवाज केवढा निवांत होता. पंधरा दिवस टाळलेलं उत्तर पोरीने ‘घरी’ या एका शब्दात सहज देऊन टाकलं होतं, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बायको मात्र नीट जेव म्हणाली, पाणी पी म्हणाली आणि फोन ठेवला.

“पोचली बराबर,” असं म्हणून ती झाडू घ्यायला उठली.

“राहू दे आज,” मी म्हणालो.