दगड मारणाऱ्याचं वकीलपत्र

बहिणीच्या खटल्यासाठी मी संभाजीनगरच्या कोर्टात जायचो. तिथं एक म्हातारे वकील नेहमी दिसायचे. तरुणपणी ते लष्करात अधिकारी होते. युद्धात उजव्या दंडाला गोळी लागलेली, म्हणून कागद डाव्या हातानं चाळायचे. पुढं आमदारही झाले होते.

एकदा सोयगावचा एक माणूस त्यांच्याकडं आला. भावकीनं त्याचं शेत बळकावलं होतं.

"साहेब, आधीच सांगतो. प्रचारात तुम्हाला दगड मीच मारला व्हता."

वकिलांनी कपाळावरच्या व्रणावरून बोट फिरवलं.

"गोळी कुणी झाडली ते कधी कळलं नाही. दगडाचं तरी कळलं. सातबारा दाखव."

खटला लांबला, पण शेत परत मिळालं. त्या दिवशी तो माणूस म्हणाला, "साहेब, पुन्हा उभं राहा. मत देतो."

"आता बसलेलंच बरं," म्हणत ते पुढच्या पक्षकाराकडं वळले.