घर बंद, पंच हजर

आमच्या गल्लीत चार माणसं जमली की पालिकेच्या नोटिशीचा एखादा किस्सा निघतोच. जुना सांगून संपत नाही तोवर नवी नोटीस दारात! बिलोलीच्या वाटेवरचं आमचं गाव तसं छोटं, पण पालिकेच्या कागदांवर दुसरंच एक गाव वसलंय. त्या गावात आम्ही कोणी राहत नाही, ताकीद मात्र आम्हालाच येते.

*

माझं हार्डवेअरचं दुकान त्या कागदांवर सार्वजनिक शौचालय आहे. एकदा ताकीद आली की अस्वच्छता आढळल्यास कारवाई करू. मी तसाच ऑफिसात गेलो. हे दुकान आहे, मी खिळे-बिजागऱ्या विकतो, असं क्लार्कला समजावलं. त्यानं नोटीस उलटसुलट पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "मग साफ ठेवायला काय हरकत हाय?"

*

शेजारचे सुभाषराव किराणावाले. त्यांच्या दुकानापुढचं पत्र्याचं शेड पालिकेनंच काढून नेलं होतं. पुढं कधीतरी नोटीस आली, शेड काढा. सुभाषराव ऑफिसात गेले तर कळलं, फाइल बंद करायला शेड काढण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लागतात. आधीचा फोटो कुठून आणणार? त्यांनी मेव्हण्याकडून पत्रे आणले, शेड उभं केलं आणि फोटो काढला. उतरवायच्या आतच दुसरी नोटीस हजर. नवीन अतिक्रमणाची!

*

आता युसूफभाई. ते गाद्या भरतात, दिवसभर ओट्यावर कापूस पिंजत बसलेले. पालिकेचं कोणीही पाहणीला आलं की आधी त्यांच्याकडे पाणी पितं, मग कामाला लागतं. पंचनाम्याला पंचांच्या दोन सह्या लागतात, त्यांतली एक कायम युसूफभाईंची, तीही न वाचता. दारात पाणी प्यायलेल्या माणसाचा कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं त्यांना वाटतं. आम्ही बऱ्याचदा चिडवलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

*

मागच्या महिन्यात त्यांच्याच दाराला नोटीस डकवलेली दिसली. घर बंद आणि धोकादायक आहे, पाडण्यात येईल. आम्ही सवयीनं हसलो. पण आत त्यांच्या बायकोनं, जुलेखाभाभींनी, आपली लग्नातली पेटी भरून दाराशी आणून ठेवली होती, ती पाहिल्यावर हसू विरलं. आत भात शिजतोय आणि बाहेर शिक्का मारून लिहिलंय की इथं कोणी राहत नाही. त्या दिवशी मला दुकानात बसवेना.

युसूफभाईंबरोबर मी आणि सुभाषरावही ऑफिसात गेलो. तिथल्या नव्या अधिकारी मॅडम समजूतदार. त्यांनी फाइल मागवली. पंचनामा अगदी रीतसर होता: घराला कुलूप, कोणीही राहत नाही. खालची सही वाचून त्यांनी विचारलं, हे पंच युसूफ शेख कोण?

युसूफभाई उठून उभे राहिले. "सही माझीच हाय, मॅडम. अन् तिथं राहून राहिलो तेबी मीच."

मॅडमनी क्लार्कला बोलावून विचारलं. मग हळूहळू उलगडलं. पाहणी झाली होती मागच्या गल्लीतल्या पडक्या घराची. ते खरंच बंद होतं आणि युसूफभाईंनी सही केली ती त्याच्यासाठी. कागदावर घर नंबर मात्र त्यांचा पडला होता. युसूफभाई मान खाली घालून ऐकत होते. आपल्याच हातानं आपण बेघर झालो असतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी मॅडम क्लार्कला घेऊन स्वतः आल्या. घरभर फिरल्या, भाभींच्या हातचा चहा प्यायल्या आणि तिथंच नोटीस रद्द केली. भाभी डोळे पुसत पेटी आत ओढू लागल्या.

क्लार्कला लगेच शेजारच्या घराची पाहणी करायची होती. कागद काढून तो सवयीनं ओट्याकडे बघू लागला. युसूफभाईंनी अंगावरचा कापूस झटकला आणि सहीसाठी हात पुढं केला.

आतून भाभींचा आवाज आला, "अजी, आधी नंबर बघा. आपलाच न्हाई ना?"